उमेदगिरी बाबांची आंघोळ

शंभो! शंभो महादेवा!

हं. मंडळी, ऐका. मागे उभे आहात ते पुढे या — सतरंजी आहे, चावत नाही! माउली, बाळ रडतंय म्हणून उठून जाऊ नका. रडू द्या त्याला. बसल्या बसल्या घोरणाऱ्या मोठ्या माणसांपेक्षा रडणारं मूल मला चालतं, निदान ते जागं असतं!

पूर्वरंगात आपण सेवेवर बोललो. खूप बोललो, माझाच घसा बसला. आता आख्यान लावायचं. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. घाबरू नका, मार्क नाहीत! तुम्ही सेवा करता — देवाची, गुरूची, आईबापांची, पाहुण्यारावळ्याची. करता ना? माना तर सगळ्यांनी हलवल्या! मग सांगा मला, ज्याची सेवा केली त्याच्यापर्यंत ती पोचते का? का मधल्या वाटेत आपणच ती खाऊन टाकतो?

पाहुणा जेवायला बसलाय. पोट भरलंय त्याचं. दोन्ही हात ताटावर आडवे धरलेत — 'नको, नको, खरंच नको!' आणि आपण काय करतो? हाताच्या फटीतून पुरणपोळी सोडतो! वर तूप! तो बिचारा रात्रभर ओवा चघळतोय आणि आपण शेजारी सांगतोय, 'काय आग्रह केला म्हणून सांगू!' आता ती पोळी कुणासाठी होती? त्याच्यासाठी, का तुमच्यासाठी? — आता नाही मान हलवत कुणी!

तर याच प्रश्नाचं आख्यान आहे. आणि आख्यान आहे जटांचं. हसलात? मला ठाऊक होतं. बुवांच्या फेट्याखाली काय आहे ते गावाला माहीत आहे. फेटा काढला तर मांडवातला एक दिवा कमी लावावा लागेल! पण मंडळी, ज्याच्याकडे जे नसतं त्यालाच त्याची किंमत कळते. म्हणून जटांचं आख्यान माझ्यासारख्यानंच सांगावं.

बाणगंगेच्या काठी खडकतळे नावाचं गाव. नदी म्हणजे काय — पावसाळ्यात नदी, बाकी वर्षभर ओढा. पण पाणी आरशासारखं. काठावर निळकंठेश्वराचं देऊळ, देवळासमोर कडुलिंब, आणि कडुलिंबाखाली एक गोसावी राहायचे. उमेदगिरी बाबा. बांधा सडपातळ, आवाज मऊ, डोळे हसरे. आणि डोक्यावर जटा! अहो, एकेक जटा मनगटाएवढी. बसले की जमिनीला टेकायच्या. उभे राहिले की पोटऱ्यांवर आपटायच्या. देवळात घंटा वाजवायला वर बघितलं की जटा मागे ओढायच्या आणि बाबा म्हणायचे, 'थांबा गं बायांनो, येतो!'

त्यातली एक जटा मधोमध, कपाळाच्या वर. ती सगळ्यांत जुनी. बाबांचे गुरू मंगळगिरी, त्यांनी दीक्षेच्या दिवशी स्वतःच्या बोटांनी ती वळली होती. थोडं भस्म, थोडं पाणी, आणि वळत वळत म्हणाले होते — 'उमेद, हिला जिवंतपणी लोखंड लावायचं नाही. ही माझी खूण आहे तुझ्यापाशी.' गुरू गेले. त्यांचा फोटो नाही, पादुका नाहीत, काही नाही. उरली ती एवढी जटा. बाबा काळजीत असले की तिच्यावरून हात फिरवायचे. आपण नाही का आईच्या जुन्या लुगड्यावरून हात फिरवत? तसंच.

आता तुम्हाला काय वाटतं? जटा म्हणजे काय? — न धुतलेले केस! हो ना? त्या कोपऱ्यातल्या मुली हसताहेत, म्हणजे त्यांना तसंच वाटतं. चूक! साफ चूक! गुरूंनी बाबांना पहिल्या दिवशी बजावलं होतं. 'जटा देवाची आहे, पण घाम तुझा आहे! देवाच्या नावावर घाण खपवू नकोस.'

मग शिस्त काय? दर अमावास्येला जटांना स्नान. आदल्या दिवशी रिठे भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, आणि ते पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. गाळायचंच! नाहीतर रिठ्याचं साल जटेत अडकलं की ते तिथेच संसार मांडतं. मग कोमट पाणी. मुळापासून टोकापर्यंत सोडायचं. चोळायचं नाही, घासायचं नाही — दाबायचं आणि पिळायचं. दाबायचं आणि पिळायचं. पाणी नितळ निघेपर्यंत. आणि खरी मेख पुढेच आहे. वाळवणं! ओली जटा बांधली की आतून कुबट झालीच म्हणून समजा. बाबा दिवसभर काठावरच्या खडकावर उन्हाकडे पाठ करून बसायचे, जटा पसरून, नाम घेत. अख्खी अमावास्या त्यातच जायची. आमच्या सौभाग्यवतींना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, 'बघा, साधूला कळतं केस वाळवायला वेळ लागतो. तुम्ही मात्र बाहेरून ओरडता, किती वेळ, किती वेळ!'

माधवराव, द्या तबल्यावर एक थाप! — वा!

असं सगळं छान चाललेलं असताना गावात एक म्हैस अडून बसली. हो, म्हैस! महापुरुषांच्या चरित्रात संकट कुठून येईल सांगता येत नाही.

गावात सगुणाबाई नावाची बाई. एकटी बाई, एकच म्हैस, आणि त्या म्हशीवर सगुणाबाईचा भारी जीव. म्हशीचं रेडकू गेलं आणि म्हशीनं पान्हा चोरला. काही केलं तरी दूध सोडेना. डोळ्यांतून पाणी गाळत उभी राहायची. सगुणाबाई आली बाबांकडे. 'बाबा, मुकं जनावर झुरतंया हो. तिनं पान्हा सोडला ना, तर पयलं दूध तुमच्या जटंवर वतीन!'

बाबा म्हणाले, 'अगं माय, देव बघेल. तू तिच्या पाठीवरून हात फिरव, तिच्याशी बोलत जा.' आणि अंगारा दिला.

बाई दोन दिवस म्हशीपाशी बसली. बोलली, गोंजारलं. आणि म्हशीनं सोडला की पान्हा! आता हा अंगाऱ्याचा गुण का गोंजारण्याचा? त्यात मी पडत नाही. पण सगुणाबाईनं चरवी भरली, धावत आली, बाबा डोळे मिटून जपात — आणि ही बाई मागून आली आणि भळ्ळकन सगळं दूध डोक्यावर!

बाबा दचकले. दूध भुवयांवरून, दाढीवरून, पोटावरून खाली. डोळे उघडून बघतात तर समोर ही रडतेय, हात जोडून, आनंदानं. काय बोलणार? हसले बिचारे. म्हणाले, 'झालं ना तुझ्या मनासारखं?'

झालं! गाव बघत होतं! दुसऱ्या दिवशी एकजण दही घेऊन हजर. तिसरा तूप घेऊन. कुणाच्या मुलाचं लग्न जमेना — मध. कुणाची सून रुसली — उसाचा रस! आणि देवस्थानचे अध्यक्ष तात्या ढमाले, त्यांनी तर पंचामृताचं घंगाळंच आणलं. वर केळी कुस्करून! अहो, शंकराच्या पिंडीला पन्हळ असते, पाणी वाहून जातं. बाबांच्या डोक्याला कुठली पन्हळ?

संध्याकाळी बाबा गुपचूप नदीवर गेले. रिठ्याचं पाणी घेतलं, जटा सोडल्या, आता धुणार — तोच आरडाओरडा! 'बाबा! बाबा, काय करताय? आमचं पुण्य धुऊन काढताय व्हय?' काठावर बाया उभ्या. एक रडायला लागली. तिचं बघून दुसरी. आणि तात्या ढमाले छाती पुढे काढून म्हणाले, 'बाबा, या जटेत गंगा हाय. ती धुतली म्हंजे गावाची गंगा वाहून जाणार. आजपासून जटंला पाणी लावायचं न्हाई. फकस्त अभिषेक!'

आता बाबांनी ठणकावून सांगायचं ना? सांगितलं नाही. का? एक तर मन मऊ. कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की यांची जीभ टाळूला चिकटायची. आणि दुसरं, हळूच सांगतो — थोडं गोडही लागलं होतं! रोज माणसं येताहेत, पाया पडताहेत, डोक्यावर मध. कुणाला नको? मलासुद्धा हार घालायला कुणी आलं की मान आपोआप खाली जाते बघा!

पण मंडळी, दूध ते दूध. देवाच्या नावानं ओतलं म्हणून नासायचं थांबतं का? दुसऱ्या दिवशी आंबतं. तिसऱ्या दिवशी — नको, प्रसादाची वेळ आहे, सांगत नाही!

मुंग्या आल्या. आधी एक आली असेल, तिनं जाऊन निरोप दिला असेल, 'चला, केळीसुद्धा आहेत!' माश्या आल्या. बाबांचं डोकं खाजायला लागलं. अशी खाज, अशी खाज! जपमाळ ठेवून दोन्ही हात वर आणि खराखरा खराखरा! आणि गाव काय म्हणालं असेल?

'मुद्रा हाय ती! योगातली मुद्रा!'

अहो, खरं सांगतो! तात्यांनी जाहीर करून टाकलं. बाबा दोन्ही हातांनी खाजवतात तेव्हा शक्ती वर चढते. झालं! आरतीला उभी असलेली माणसं बाबांच्या हाताकडे बघायची आणि सगळी मिळून आपापली डोकी खराखरा खाजवायची! टाळ बाजूला, टाळ्या बाजूला, अख्खं गाव खाजवतंय! — अहो तुम्ही कशाला खाजवताय? नुसतं ऐकून? हात खाली, हात खाली!

आणि वास! परगावचे पाहुणे आले की नाकाला उपरणं लावायचे. तात्या सांगायचे, 'दिव्य गंध हाय पावनं. सगळ्यास्नी येत न्हाई.' सगळ्यांना येत होता! वेशीपर्यंत येत होता!

हसलो आपण. हसायलाच पाहिजे. पण आता ऐका.

थंडी पडली. जटा आतून कधी वाळेनात. वरून कोरड्या, आत ओल. मुळापाशी कातडी नरम पडली, फोड आले, ते फुटले. बाबांना रात्रीची झोप नाही. अंगात कणकण. हसरे डोळे खोल गेले. एक दिवस ताप एवढा चढला, की देवळाच्या पुजाऱ्यानं बैलगाडीत घालून त्यांना तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरबाई शहाण्या. त्यांनी नाक मुरडलं नाही, हळूच जटा बाजूला करून मुळं बघितली. म्हणाल्या, 'बाबा, एक तर हे सगळं स्वच्छ धुऊन पुरतं वाळवा आणि पुन्हा ओलं ठेवू नका. नाहीतर केस काढून टाका. दोन्हीपैकी एक. असंच ठेवलंत तर विष अंगात भिनेल.'

दोन्हीपैकी एक! सोपं आहे ना? तुम्ही-आम्ही काय म्हणू? धुवा की! पण बाबा गाडीत बसून विचार करत आले. धुतो म्हटलं की गाव रडणार. सगुणाबाई रडणार. 'आमचं पुण्य धुतलंत' म्हणणार. त्यांचं पुण्य मी कसं धुऊ? त्यापेक्षा माझी जटाच जाऊ दे. कशी बुद्धी झाली बघा! आयुष्यभर सांभाळलेली गुरूची खूण द्यायला निघाला माणूस, पण 'मला हे नको' एवढं तोंडातून निघेना.

महाशिवरात्र आली जवळ. आदल्या दिवशी सकाळी बाबांनी कोंडिबा न्हाव्याला बोलावलं. कडुलिंबाखाली बसले. कोंडिबानं धोपटी उघडली, वस्तरा चामड्यावर लावला, पुन्हा लावला, पुन्हा लावला. धार कधीच आली होती हो, त्यालाच धीर येत नव्हता!

'बाबा,' तो म्हणाला, 'गावातली समदी डोकी केली म्या. ह्या डोक्याला कसा हात लावू?'

बाबा म्हणाले, 'कोंडिबा, लाव. आणि ऐक, आधी मधली काढ. गुरूंची. ती गेली की बाकीच्यांचं मला काही वाटणार नाही.' आणि गुरूंच्या जटेवरून हात फिरवला. एकदा, वरपासून खालपर्यंत. डोळे मिटले.

कोंडिबानं वस्तरा उचलला, आणि तेवढ्यात सगुणाबाई आली. हातात भरलेली चरवी! नेहमीसारखीच, अभिषेकाला! समोर बघते तर वस्तरा!

'अगं बया! कोंडिबा! हात मोडंल तुजा! काय चालवलंस?'

कोंडिबाच्या हातून वस्तरा गळाला. त्याला बरंच झालं! 'माज्यावर काय खेकसतीस? बाबास्नीच इचार!'

सगुणाबाई बाबांसमोर बसली. अभिषेक सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच समोर बसली बरं का! एरवी मागून यायची, ओतायची आणि जायची. आज तोंडाकडे बघितलं. गाल बसलेले. कपाळावर फोड. कानामागून पू वाहतोय. आणि मुंग्यांची एक रांग कानावरून दाढीत चाललेली.

बाईचा चेहरा उतरला. चरवी खाली ठेवली. म्हणाली, 'बाबा... हे आमच्या दुधानं झालं?'

बाबा कानावरच्या मुंग्या झटकायला लागले.

'बाबा, खरं सांगा. तुमास्नी काय पायजे?'

मंडळी, थांबा इथं. श्वास घ्या. एवढं गाव, एवढी भक्ती, दुधाच्या चरव्या, मधाची बुधली, पंचामृताचं घंगाळं. पण 'तुम्हाला काय पाहिजे' हे आजवर कुणी विचारलं होतं का? एकानंही नाही! गुरू गेल्यापासून कुणी नाही! बाबांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आणि लहान लेकरासारखे हुंदका देऊन म्हणाले —

'माय, मला आंघोळ पाहिजे गं!'

आंघोळ! मोक्ष नाही, मठ नाही, सोन्याचं सिंहासन नाही. आंघोळ!

सगुणाबाई रडता रडता हसायला लागली. कोंडिबा हसायला लागला. बाबा हसायला लागले. आणि सगुणाबाईनं पदर खोचला, 'कोंडिबा, चूल पेटीव! बाबा, रिठं कुठं हायती?'

गावात बातमी गेली. तात्या ढमाले धोतराचा सोगा धरून पळत आले, मागे निम्मं गाव. 'थांबा! जटंला पाणी लावायचं न्हाई! गंगा वाहून जाईल!'

आणि उमेदगिरी बाबा उभे राहिले. ताप अंगात, पण ताठ उभे. एकदा मनातलं तोंडातून निघालं होतं ना, आता वाट मोकळी झाली होती! म्हणाले, 'तात्या, शंकरानं गंगा जटेत घेतली, ती कशाला? कोंडायला? अरे, तिचा जोर कमी करून तिला हळू सोडायला! शेवटी सोडलीच ना? जगाला पाणी मिळालं ते ती वाहिली म्हणून. आणि तुम्ही मात्र केळी कुस्करून तिची वाट बुजवलीत!'

तात्या चिडतील असं वाटलं. पण माणूस मुळात भाबडा हो, दुष्ट नव्हे. अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, 'पण बाबा, एवढं आमी वाहिलं, त्याचं पुण्य?'

तेव्हा सगुणाबाई पुढे झाली. 'तात्या, पयली चरवी माजी हाय. पुण्य असलं तर सगळ्यांत जास्त माजं हाय. मी सोडलं! वाहू द्या नदीतनं. माज्या पुण्याखातर ह्या माणसाचं डोस्कं सडत असलं, तर मला नगं असलं पुण्य!'

वा गं माय! मंडळी, पुण्य मिळवणारे पुष्कळ बघितले. पुण्य नदीत सोडणारी ही एकच! तिचं ऐकून मागून एकजण म्हणाला, 'माजं दही बी सोडलं.' दुसरा म्हणाला, 'आमचं तूप बी.' सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी घसा खाकरला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि म्हणाले, 'आता माज्या एकट्याचं ठिवून काय करू? हंडा कुठाय? पाणी मी आणतो!'

आणि मग ती आंघोळ! काय सांगू! नदीकाठी चुलीवर चूल. हंड्यावर हंडा. बाया रिठ्याचं पाणी गाळताहेत. बाबा खडकावर मान खाली घालून बसलेत आणि सूचना देताहेत. इतक्या दिवसांचं मौन सुटलेलं! 'चोळू नकोस! दाब आणि पीळ! अरे कोमट, कोमट, मी काय सोलायची कोंबडी आहे का? टोकापर्यंत ने!' पहिलं पाणी ओतलं आणि जे काही बाहेर आलं — राम राम राम! ताकासारखं पाणी. बेलाची पानं. लाह्या. अर्धी उदबत्ती. सुपारी! आणि एक अख्खं केळं, तात्यांनी कुस्करायचं राहून गेलेलं! तात्यांनी ओळखलंसुद्धा!

दुसरं पाणी, तिसरं पाणी. दुपार चढली. पाणी नितळ व्हायला लागलं. बाबा नुसते 'आहाहा' म्हणताहेत. नाम सुचेना त्यांना! मी म्हणतो, त्या 'आहाहा'त नाम नव्हतं का?

पण आता मधली जटा. गुरूंची. सगळ्यांनी ओतलं ते नेमकं कपाळावर, म्हणजे तिच्यावरच. सगुणाबाईनं हलक्या हातानं तिच्यावर पाणी सोडलं. दाबली. पिळली. आणि ती जटा — मुळाशी सुटली. अलगद तिच्या हातात आली.

पाणी ओतणारे हात थांबले. चुलीतलं लाकूड तडतडलं तेवढंच.

सगुणाबाईनं जटा ओंजळीत धरली. 'बाबा... बाबा, माज्या हातनं... मी पापीण... मीच पयलं दूध...'

बाबांनी हात पुढे केला. जटा घेतली. भिजलेली, जुनी, राखाडी. कपाळाला लावली. खूप वेळ लावून ठेवली. डोळ्यांतून धार लागली होती, ती पुसलीसुद्धा नाही. दुःख झालं हो त्यांना! साधू झाला म्हणून काय काळीज दगडाचं असतं? मग म्हणाले, 'गुरूंनी सांगितलं होतं, लोखंड लावायचं नाही. बघ माय, लोखंड नाही लागलं. तू वेळेवर आलीस म्हणून नाही लागलं. धुताना गेली, स्वच्छ होऊन गेली. आणि त्यांची खूण होती काय — केस? त्यांनी सांभाळायला शिकवलं, ती खूण. ते सांभाळणं आज अख्ख्या गावाला आलं.'

असं म्हणून पाण्यात उतरले. दोन्ही हातांनी जटा सोडली. बाणगंगेनं ती नेली. सगुणाबाई पाठोपाठ पाण्यात गेली आणि बाबांच्या पायाला मिठी घालून मनसोक्त रडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, 'रडून झालं का? चल. अजून वाळवायचं आहे! ते सगळ्यांत महत्त्वाचं!'

आणि वाळवायचं कसं? ऊन उतरायला लागलेलं, जटा जाडजूड, एकटा माणूस किती पसरणार? तेव्हा कोंडिबानं एक जटा उचलली आणि उन्हात उंच धरली. तोच कोंडिबा, सकाळी वस्तरा घेऊन आलेला! त्याचं बघून एका बाईनं दुसरी उचलली. मग सगळेच आले. बघता बघता बाबा मधे बसलेले, चारी बाजूंना गाव, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक जटा, उन्हाकडे धरलेली! ज्या जटेला हात लावायला भीत होते, ती म्हातारे धरताहेत, लेकुरवाळ्या धरताहेत, वरच्या आळीचे, खालच्या आळीचे, सगळे. हात भरून आला की शेजारच्याकडे द्यायची. आणि वारा सुटला! तात्यांनी भजन सुरू केलं, बेसूर, पण दणदणीत! शंभो! म्हणा माझ्याबरोबर — शंभो! अजून जोरात — शंभो! वा! माधवराव, लय दुप्पट — जाऊ द्या दुगण! असं वाटत होतं, देवाचा रथच ओढताहेत सगळे आणि रथात बसलेला देव मात्र पोट धरून हसतोय!

ताप उतरला. जखमा भरल्या. डॉक्टरबाईंनी मलम दिलं होतं, तेही सगुणाबाई नेमानं लावायची. जटा वाचल्या. मधल्या जागी कोवळे केस आले.

पुढच्या शिवरात्रीला सगुणाबाई आली. हातात चरवी! बाबांनी बघितलं आणि दोन्ही हात डोक्यावर! घाबरलेच! सगुणाबाई समोर बसली, हसली, म्हणाली, 'भिऊ नगा. इचारायला आले. बाबा, दूध कसं पायजे?'

बाबा लाजत म्हणाले, 'माय, थोडं प्यायला मिळेल का? इतकं दूध आलं गं अंगावर... पण घशात एक घोट नाही गेला.'

मंडळी! मंडळी, ऐकलंत? दुधानं न्हालेला माणूस दुधाला आसुसलेला होता!

आता हसता हसता माझ्याकडे बघा. तुमच्या घरात कुणी बसलंय का असं? कडुलिंबाखाली नसेल, आतल्या खोलीत असेल, पलंगावर. तुम्ही सगळं करता, मला माहीत आहे. औषधं आणता, फळं आणता, साठीला हॉल घेता, पंचाहत्तरीला जेवणावळ घालता, भरजरी शालू नेसवून आईला खुर्चीत बसवता, फोटो काढता. तिच्या पाठीला शालूची जर टोचतेय! ती हसतेय. तीही मऊ मनाची. ती नाही म्हणणार नाही, तुमचं पुण्य धुणार नाही. काका, तुम्ही का खाली बघताय? मी तुमच्याकडे बघत नव्हतो. आता बघतोय!

आज घरी जा. चरवी नको, घंगाळं नको. समोर बसा, मागून नको. आणि विचारा, 'आई, तुला काय पाहिजे?'

ती म्हणेल, 'काही नको रे बाळा.' हे ठरलेलं! तिथून उठू नका. इथंच सगळे उठतात, 'विचारलं, नको म्हणाली', आणि गेले! तुम्ही बसून राहा. तिचा हात हातात घ्या आणि गप्प बसा. वेळ लागेल. बाबांचंही तोंड एकदा उघडून मिटलंच होतं. ती काहीतरी सांगेल. फार लहान असेल ते. 'अंगणात नेऊन बसव' म्हणेल. 'डोक्याला तेल लाव' म्हणेल. 'तू जरा बोलत बस' म्हणेल.

आरती आज थोडक्यात करू. प्रसाद द्रोणात घेऊन जा, इथं खात बसू नका. उठा मंडळी, नऊच वाजलेत, ती अजून जागी असेल.